सर्दीच्या सुट्टीवर गेलेले पंधरा जण

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून ठेवतोय. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

आधी जुलै २०२० आठवा. मुंबईत महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मिळून तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं होतं. झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त झोपडपट्टीला कोरोना होऊन गेला होता आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. त्याच महिन्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजचा अभ्यास गाजला. आजारानंतर साधारण तीन आठवड्यांत अँटीबॉडी शिखरावर जातात आणि मग उतरायला लागतात, असं त्यात होतं. झालं! 'कोरोनाची इम्युनिटी टिकत नाही' हा फॉरवर्ड सगळीकडे फिरला. पुढे तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक लॅबमधून अँटीबॉडीचा आकडा काढून आणायचे आणि बारावीच्या मार्कांसारखी तुलना करायचे. माझे चारशे, तुझे किती?

मला या गोष्टीत रस वाटायला लागला तो त्यामुळे. कारण वाचता वाचता लक्षात आलं, की 'अँटीबॉडी उतरल्या तर पुढे काय होतं' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर १९९० सालीच छापून आलं होतं. तेही पंधरा माणसांवर केलेल्या प्रयोगातून. आणि तो प्रयोग जिथे झाला, ती जागा त्याच वर्षी बंद पडली.

ती जागा म्हणजे इंग्लंडमधल्या सॅलिसबरी गावाबाहेरचं 'कॉमन कोल्ड युनिट'. शब्दशः सर्दी विभाग. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेड क्रॉस यांनी तिथे साथीच्या रोगांसाठी एक हॉस्पिटल उभारलं होतं. त्याचे तयार भाग जहाजाने अटलांटिक ओलांडून आणले होते. युद्ध संपलं, अमेरिकन गेले, बैठ्या शेड उरल्या. १९४६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने तिथे सर्दीवर संशोधन सुरू केलं. प्रमुख होते ख्रिस्तोफर अँड्र्यूज. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शोधणाऱ्या तिघांपैकी ते एक.

पद्धत मजेदार होती. पेपरात जाहिरात यायची: दहा दिवस फुकट राहा, खा, प्या, वर थोडा हातखर्च घ्या. बदल्यात आम्ही तुमच्या नाकात थेंब टाकू. दोघा-तिघांना एक फ्लॅट. पहिले काही दिवस नुसतंच राहायचं, म्हणजे घरूनच सर्दी घेऊन आलेला माणूस कळावा. मग नाकात थेंब. काहींना विषाणूचे, काहींना नुसत्या पाण्याचे, आणि कुणाला काय दिलंय हे सांगायचं नाही. बाहेर फिरायला परवानगी, पण इतरांपासून तीस फूट लांब. होय, 'सोशल डिस्टन्सिंग' १९४६ पासूनच होतं तिथे. शास्त्रज्ञ रोज वापरलेले कागदी रुमाल मोजायचे. किती शिंकरलं याचा हिशेब! विद्यार्थी अभ्यासाला जायचे, काही नवविवाहित जोडपी चक्क हनिमूनला गेली. युनिट बंद होईपर्यंत सुमारे वीस हजार लोक तिथे राहून आले.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अँड्र्यूजनी काही लोकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या कपड्यांत गार व्हरांड्यात उभं केलं, आणि नंतर ओले मोजे घालून बसवलं. नुसत्या गारठ्याने सर्दी कुणालाच झाली नाही. ही माहिती मी घरी दिली आहे. तिचा काहीही उपयोग झालेला नाही. पावसात भिजून आलो की अजूनही ओरडा बसतोच.

१९५७ मध्ये डेव्हिड टायरेल तिथे आले आणि पुढे प्रमुख झाले. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की सर्दीचे बरेच नमुने प्रयोगशाळेत वाढतच नव्हते. एप्सम गावातल्या एका निवासी शाळेतल्या मुलाच्या नाकातला नमुना, नंबर बी८१४, असाच हट्टी होता. माणसाच्या नाकात टाकला की सर्दी व्हायची, काचेच्या बशीत टाकला की काहीच नाही. शेवटी टायरेल आणि त्यांचे सहकारी बायनो यांनी मानवी श्वासनलिकेचा तुकडा जिवंत ठेवून त्यावर तो वाढवला. १९६५ मध्ये ते छापून आलं. पण दिसायला तो कसा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

इथे जून अल्मेडा येतात. ग्लासगोच्या एका बस ड्रायव्हरची मुलगी. कॉलेजचा खर्च झेपणार नव्हता म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली. पुढे कॅनडाला जाऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर इतका हात बसला की लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलने तिला बोलावून घेतलं. तिची खासियत म्हणजे ती अँटीबॉडीचाच वापर करायची. बरं झालेल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी नमुन्यात टाकायच्या. त्या विषाणूला चिकटतात, विषाणूंचे गठ्ठे होतात, आणि एरवी कचऱ्यात हरवणारा विषाणू गठ्ठ्यात उठून दिसतो. आपल्या शरीराची शोधाशोध तिने यंत्राच्या कामाला लावली.

टायरेलचे नमुने तिने पाहिले आणि म्हणाली, हे मी आधी पाहिलंय. कोंबड्यांच्या ब्राँकायटिसमध्ये आणि उंदरांच्या कावीळीत तिला असेच काटेरी गोळे दिसले होते. तो लेख परीक्षकांनी परत पाठवला होता: हे इन्फ्लुएन्झाचेच वाईट फोटो आहेत म्हणून! कडेने सूर्याच्या प्रभामंडळासारखं काहीतरी दिसायचं, त्यावरून १९६८ मध्ये आठ विषाणुतज्ज्ञांनी 'नेचर'मध्ये नाव सुचवलं: कोरोनाव्हायरस. पंचावन्नेक वर्षांपूर्वीचं नाव. २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने केरळच्या पहिल्या भारतीय रुग्णाच्या घशातल्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून फोटो काढला, तोही याच कुटुंबातला चेहरा होता.

तोवर शिकागोत डोरोथी हॅम्रे यांना मेडिकलच्या विद्यार्थ्यांकडून आणखी एक सापडला होता, २२९ई. सर्दीचा साधा कोरोनाव्हायरस. आणि आपले पंधरा जण याच्याशी भिडले.

प्रयोग सांगतो. कॅलो, पॅरी, सार्जंट आणि टायरेल यांचा. पंधरा निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई टाकला. दहा जणांना लागण झाली, त्यातल्या आठ जणांना सर्दी. उरलेल्या पाच जणांना काहीच नाही, कारण त्यांच्या अंगात आधीपासूनच अँटीबॉडी जास्त होत्या. लागण झालेल्यांचं रक्त आणि नाकातला स्राव पुन्हा पुन्हा तपासला. आठवडाभरात अँटीबॉडी वाढायला लागल्या, आणखी एका आठवड्यात शिखरावर पोचल्या, आणि मग हळूहळू उतरल्या. एका वर्षानंतर पातळी मूळपेक्षा जेमतेम वर होती.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? २०२० चा फॉरवर्ड, तीस वर्षं आधी. फरक एवढाच की हे लोक तिथे थांबले नाहीत. वर्षाने चौदा जण सॅलिसबरीला परत आले आणि त्यांच्या नाकात तोच विषाणू पुन्हा टाकला. आधी लागण झालेले नऊ जण त्यात होते. नऊपैकी सहा जणांना पुन्हा लागण झाली.

आता इथेच बातमी लिहिली तर हेडलाइन होते: 'इम्युनिटी वर्षभरही टिकत नाही'. पण पुढचं वाक्य वाचा. त्या सहांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. आणि त्यांच्या नाकातून विषाणू बाहेर पडत राहण्याचा काळही पहिल्या वेळेपेक्षा कमी होता. विषाणू घरात शिरला, पण फार काळ टिकला नाही आणि नासधूस काही करू शकला नाही.

मला या निकालाचं मोल फार वाटतं. 'लागण' आणि 'आजार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शरीर त्या दोन्ही थांबवायला वेगवेगळी माणसं ठेवतं, हे त्यातून दिसतं. साथीच्या काळात आपण तिसऱ्या दिवसापासून हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. लस घेऊनही कोरोना झाला, मग लसीचा उपयोग काय, हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. तो प्रश्न याच गोंधळातून येतो.

मग आत नेमकं घडतं काय? विषाणू नाकातल्या पेशीत शिरला की ती पेशी पहिल्यांदा ओरडते. या ओरडण्याला इंटरफेरॉन म्हणतात. लंडनमध्ये १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना ते सापडलं. ते शेजारच्या पेशींना सांगतं, दारं लावून घ्या. याला कोणता विषाणू आहे हे कळण्याची गरज नसते, म्हणून ते काही तासांत चालू होतं. सॅलिसबरीवाल्यांनी १९८० च्या दशकात नाकात इंटरफेरॉनचा स्प्रे मारून कोरोनाव्हायरसची सर्दी टाळता येते का हेही बघितलं, आणि बऱ्यापैकी जमलंही. २०१९ च्या कोरोनाची चलाखी अशी की तो हे ओरडणंच दाबतो. काहींच्या शरीरात तर त्यांच्याच अँटीबॉडी इंटरफेरॉनवर उलटलेल्या असतात. २०२० मध्ये जीवघेण्या कोविडचे ९८७ रुग्ण तपासले, त्यात किमान दहा टक्क्यांमध्ये हे आढळलं. यातले बहुसंख्य पुरुष होते. धडधाकट दिसणारा माणूस अचानक का गेला, याचं एक कारण इथे आहे.

दुसरी फळी आठवड्याने येते. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, त्या विषाणूच्या काट्यांना चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाहीत. पण एकदा विषाणू आत गेला की अँटीबॉडीचा हात तिथे पोचत नाही. तिथे टी पेशी लागतात. त्या आपल्याच लागण झालेल्या पेशी ओळखून मारतात. क्रूर वाटतं, पण कारखाना बंद केल्याशिवाय माल थांबत नाही.

सॅलिसबरीच्या पेपरात याची एक बारीक खूण आहे. लागण झालेल्यांच्या रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे या बी-टी पेशी ज्या कुळातल्या ते कूळ, थोडं कमी झालेलं दिसलं. एका ओळीत सांगून ते पुढे गेले. जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल आला, त्यात २६ जणांचे लिम्फोसाइट घटलेले होते. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे ज्यांनी रात्री दोन वाजता कुणाचातरी सीबीसी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर झूम करून वाचलाय, त्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको.

आता अँटीबॉडी उतरतात का? गणपती विसर्जनाच्या दिवशी चौकाचौकात बंदोबस्त असतो. दुसऱ्या दिवशी नाक्यावर कुणी दिसत नाही, म्हणून पोलीस स्टेशन बंद झालं असं आपण म्हणत नाही. आजाराच्या वेळी अँटीबॉडी ओतणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात, त्या मरतात, आकडा पडतो. काही मात्र हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि थोडंथोडं बनवत राहतात. अमेरिकेत सेंट लुइसच्या शास्त्रज्ञांनी सौम्य कोविड झालेल्यांचा मगज काही महिन्यांनी तपासला तेव्हा बहुतेकांमध्ये त्या सापडल्या. शिवाय स्मृती पेशी असतात, विषाणू पुन्हा दिसला की कामाला लागणाऱ्या. टी पेशींची स्मृती तर फार लांबची. २००३ च्या सार्समधून वाचलेल्या लोकांच्या टी पेशी सिंगापूरमध्ये १७ वर्षांनी तपासल्या, त्या जुन्या विषाणूला अजून ओळखत होत्या. नव्या विषाणूचे काही भागही ओळखत होत्या. लॅबमधल्या 'माझे चारशे'च्या आकड्यात यातलं काही येत नाही. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, डॅशबोर्डवर जे दिसतं तेवढंच खरं मानायची सवय आमच्याही क्षेत्रात आहे, त्यामुळे कुणाला हसत नाही.

एक प्रश्न मात्र इथे प्रामाणिकपणे विचारायला हवा. १९९० मध्येच हे माहीत होतं, तर २०२० मध्ये इतके लोक गेले कसे?

कारण ते पंधरा जण २२९ईला पहिल्यांदा भेटत नव्हते. सर्दीचे चार कोरोनाव्हायरस आपल्या सगळ्यांना बहुधा लहानपणीच भेटतात. शेंबडं नाक घेऊन अंगणात खेळणारं पोर त्याच्या आयुष्यातली पहिली लढाई लढत असतं, आणि ते वय त्या लढाईसाठी सगळ्यात बरं. पुढे आयुष्यभर रिव्हिजन चालते. ॲमस्टरडॅममध्ये दहा पुरुषांचं ३५ वर्षांत साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा एकाच सर्दी-कोरोनाची पुन्हा लागण बऱ्याचदा वर्षभराने होत असल्याचं दिसलं. २०२० मध्ये मात्र सत्तर वर्षांच्या आजीचीही ही पहिलीच भेट होती. वयानुसार अननुभवी टी पेशींचा साठा आटत जातो. म्हणजे नवीन शत्रूसाठी नवीन भरती करायची, आणि भरतीला माणसंच नाहीत. पहिली फळी दबलेली, दुसरी उशिरा आलेली, तोवर विषाणू फुफ्फुसात. मग उशिरा जागं झालेलं शरीर सगळीकडे गोळीबार करतं.

तिथे स्टेरॉइडचा उपयोग झाला. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. आणि ते बरोबरच आहे. पहिल्या आठवड्यात तुम्हाला तुमचं सैन्य हवं असतं, त्याला झोपवून कसं चालेल? आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ताप आल्याआल्या स्टेरॉइड सुरू केलेली प्रिस्क्रिप्शनं फिरत होती. त्यानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण झाले, लोकांचे डोळे, जबडे गेले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणं होती. कोणती फळी कोणत्या दिवशी लढते हे न कळल्याची किंमत अशी असते. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून काढा विकणाऱ्या जाहिरातीत तर इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पेट्रोल, भरलं की झालं.

सॅलिसबरीकडे परत येऊ. १९९० मध्ये युनिट बंद झालं. सर्दीवर औषध काही सापडलं नव्हतं आणि सर्दीवर पैसे कोण घालणार? पंधरा जणांचा तो पेपर त्याच वर्षी एका साथरोगविषयक नियतकालिकात आला. कोरोनाव्हायरस तेव्हा सर्दीपुरताच होता. तेरा वर्षांनी सार्स आला, सुमारे ८,१०० लोकांना झाला, ७७४ गेले, आणि मग लोकांनी जुन्या फायली उघडल्या.

माणसांच्या नाकात मुद्दाम कोरोना टाकण्याचा प्रयोग पुन्हा झाला तो २०२१ मध्ये, लंडनमध्ये. या वेळी खऱ्याखुऱ्या कोविडच्या विषाणूने. १८ ते ३० वयाचे ३६ स्वयंसेवक, आधी लागण न झालेले, लस न घेतलेले. मोबदला साडेचार हजार पौंडांच्या आसपास. यावर तेव्हा बरंच वादंग झालं, आणि व्हायलाच हवं होतं. ज्या आजारावर खात्रीचा इलाज नाही तो धडधाकट पोरांना मुद्दाम द्यायचा का? माझं मत विचाराल तर वय, तपासण्या आणि देखरेख बघता मला तो योग्य वाटतो, पण माझ्या धाकट्या भावाने फॉर्म भरला असता तर मी इतक्या शांतपणे बोललो असतो का, सांगता येत नाही.

विषाणूचा डोस अगदी छोटा होता, नाकात एक थेंब. ज्या ३४ जणांचे निकाल धरले त्यातल्या १८ जणांना लागण झाली. कुणालाही गंभीर आजार झाला नाही. पण उरलेल्या १६ जणांचं काय? १९९० च्या पाच जणांना आधीच्या अँटीबॉडींनी वाचवलं होतं. यांच्याकडे तर त्या नव्हत्याच, कारण हा विषाणू त्यांना कधी भेटलाच नव्हता.

त्याचं काही उत्तर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. यातल्या सोळा स्वयंसेवकांच्या नाकातल्या आणि रक्तातल्या पेशी शास्त्रज्ञांनी एकेक करून वाचल्या, थेंब टाकण्याच्या आधीपासून. ज्यांच्यात विषाणू जेमतेम दिसून नाहीसा झाला, त्यांच्या नाकात संरक्षक पेशी लवकर येऊन पोचल्या होत्या. ज्यांना पूर्ण लागण झाली त्यांच्या नाकात त्या उशिरा आल्या. आणि ज्यांच्यात लागण धरलीच नाही, त्यांच्या पेशींमध्ये एचएलए-डीक्यूए२ नावाचं एक जनुक थेंब टाकण्याच्या आधीच जास्त चालू होतं. लागण झालेल्यांमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. विषाणू टाकला नाकात, पण इंटरफेरॉनची हाक रक्तात आधी ऐकू आली आणि नाकात नंतर. टायरेलना हे वाचायला मिळालं नाही, ते २००५ मध्ये गेले. ज्या नाकांपुढे त्यांनी पस्तीसेक वर्षं घालवली, त्यांच्यात आत हे चाललेलं होतं.